बिब्ब्याची खूण

ऑगस्टात आखातातल्या फुजैऱ्याला कपडे वाळत नाहीत. ऊन भरपूर असतं, पण हवेतच एवढं पाणी असतं की कपड्यातल्या पाण्याला जायला जागा उरत नाही. विजयकुमार सकाळी गाळ्याच्या गच्चीवर टाकलेले बॉयलर सूट दुपारी चाचपून बघायचा. पाठ वाळलेली, काखा आणि खिसे ओलेच. मग एकेक सूट उलटा करून पुन्हा तारेवर टाकायचा. वाकताना त्याचा उजवा गुडघा कटकट वाजायचा. जहाजांच्या टाक्यांतल्या शिड्या वर्षानुवर्षं चढून-उतरून तो गेला होता.

टाक्या साफ करणाऱ्या कंपनीत तो सुपरवायझर होता. कंपनीने ती गँगच बंद केली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. नवी नोकरी मिळेना. मुलगी इरा इथल्या शाळेत बारावीला. तेव्हा त्याची बायको प्रमिला म्हणाली, "तुम्हाला तेल कळतं ना, मग तेलाचे कपडे धुऊ." सनाय्यात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, गॅरेजं आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या रांगेत, त्यांनी हा गाळा घेतला. दोन जुनी मशिनं, गरम पाण्याची टाकी, घासायला पत्र्याचं टेबल. समुद्रात नांगरलेल्या जहाजांना तेल पुरवणाऱ्या बोटी असतात. त्यांच्यावरच्या माणसांचे सूट इथं यायचे. गुडघ्यापाशी ते तेलाने इतके कडक झालेले असायचे की जमिनीवर ठेवले तर अर्धवट उभे राहायचे.

सूट आणून द्यायचा फहद. बोटींना किराणा, दोरखंड, साबण पुरवणाऱ्या एजन्सीचं गोदाम तो सांभाळायचा. मूळचा पेशावरचा, पोट सुटलेला, बोलताना दातकोरणी तोंडातच. त्या दिवशी तो आला तो व्हॅनमधून न उतरताच बोलायला लागला.

"विजयभाई, तुम्हारा धुलाई एक नंबर. लेकिन ये क्या है?" त्याने एक छोटा सूट खिडकीतून बाहेर धरला. "ये मोटे खलासी के पास गया. एक पैर घुसा, दूसरा नहीं घुसा. उसका अपना सूट दूसरी बोट पे चला गया, वो बोट अभी बीस दिन वापस नहीं आएगी."

"टाकी में सब साथ पड़ते हैं," विजयकुमार म्हणाला.

"वो तुम जानो. जहाज़ी आदमी बिस्तर बाँट लेगा, सूट नहीं बाँटेगा." फहदने दातकोरणी काढून बाहेर टाकली. "एक महीना ट्रायल है. सब बोट का काम तुमको मिलेगा, इन्शाल्ला. कपड़ा बदली हुआ, तो खलास."

हे काम मिळालं तर सप्टेंबर-अखेर गाळ्याच्या लायसन्सचं नूतनीकरण होणार होतं. त्या लायसन्सवर तिघांचे व्हिसे होते. काम नाही, तर लायसन्स नाही. लायसन्स नाही, तर इथं राहणंच नाही. हे घरात एकदाच बोललं गेलं होतं. पुन्हा बोलायची गरज नव्हती.

खुणा करून बघितल्या होत्या. मार्कर एका धुण्यात जायचा. कापडी पट्टीवरची शाई तेल काढायच्या केमिकलमध्ये निळी पसरायची. प्रमिलाने दोऱ्याने आकडे घालून पाहिले. एका सूटला अर्धा तास लागला आणि मान आखडली ती वेगळीच. एकेक बोट वेगळी धुवावी, तर तेवढ्याशा कपड्यांसाठी अख्खी टाकी तापवायला लागायची.

शनिवारी सकाळी दोघं प्रशिक्षणाला जायची. घरात आधी कुणी धंदा न केलेल्यांसाठी तो कोर्स होता. एका शाळेचा हॉल, आणि त्यातला एसी इतका थंड की गाळ्यातून घामेजून आलेला माणूस दहा मिनिटांत शिंकायला लागायचा. शिकवणारी शहनाझ मॅडम हैदराबादची. ती किंमत कशी ठरवावी ते शिकवायची, गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणावं ते शिकवायची, आणि प्रत्येकाला उभं करून बोलायला लावायची.

"आज सब बताएँगे, वालिद साहब क्या करते थे," ती म्हणाली. "फर्स्ट जनरेशन का मतलब क्या है, पहले ये समझना है."

समोर बसलेल्या लतिका मॅडम उठल्या. त्यांचे मिस्टर तेलाच्या टर्मिनलवर इंजिनिअर. त्या स्वतः केक करून विकायच्या. वडील पुण्यात बँकेत होते, म्हणाल्या. विजयकुमारची पाळी आली.

"खेती," तो म्हणाला आणि बसला.

प्रमिलाने त्याच्याकडे बघितलं. खोटं नव्हतं ते पूर्ण. पाऊण एकर होती. पण वडील पाटणजवळच्या त्या गावात अख्ख्या गावाचे कपडे धुवायचे. पैसे मागायचे नाहीत. सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं, जे सुपात पडेल ते आणायचं. विजयकुमार डिप्लोमा करून तिथून निघाला आणि कॉलनीत, कंपनीत, मंडळाच्या गणपतीत त्याने शेतीच सांगितली.

तासाच्या शेवटी शहनाझ म्हणाली, "जो प्रॉब्लम अटका है, उसका हल कभी-कभी घर में ही पड़ा होता है. सोचो." आणि प्रमिलाने हात वर केला.

"मॅडम, इनके घर में कपड़ों पे निशान करते थे. बिब्बे का. कभी नहीं जाता." ती थांबली, मग पुढं बोललीच. "इनके पिताजी गाँव के कपड़े धोते थे."

विजयकुमार टेबलाकडे बघत राहिला. शहनाझच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "अरे वाह. ये तो हेरिटेज है. ये छुपाने की चीज़ है क्या? आखिरी शनिवार को आपका धंधा परखने पैनल आएगा, आप यही कहानी बताएँगे. निशान ऐसी जगह डालिए कि नज़र आए. कॉलर पे. वही आपका ब्रँड."

चहाच्या वेळी लतिका मॅडम केकचा डबा घेऊन आल्या. "अय्या, म्हणजे तुम्ही परीट? मग काय हो, तुमच्या रक्तातच आहे हे." त्या मनापासून बोलत होत्या. "आमच्या चादरी पाठवू का? इथले लाँड्रीवाले एका चादरीला बारा दिरहम घेतात. म्हणजे जवळजवळ तीनशे रुपये."

"पाठवा," विजयकुमार म्हणाला.

परतताना सिग्नलला तो म्हणाला, "सांगायची काय गरज होती?"

"शाई टिकत नाही म्हणून सांगितलं," प्रमिला म्हणाली. "मला हौस नव्हती."

त्याने गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. सगुणाबाई पडवीत बसल्या होत्या; फोन कुणीतरी त्यांच्या तोंडाजवळ धरला होता, त्यामुळे कपाळच दिसत होतं.

"बिब्बं कशाला रं तुला?"

"कपड्यांना खूण करायला."

कपाळ फोनच्या आणखी जवळ आलं. "तितंबी तेच करतुयास व्हय," त्या म्हणाल्या. आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं. "धाडते. हाताला लागू दिऊ नगंस, उततंय. वरनं चुना लावायचा."

सुट्टीवरून परतणाऱ्या एका ओळखीच्याकडून बिब्बे आले. काळेभोर, चकचकीत, मसाल्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले. विजयकुमारने टाकीच्या कामातले रबरी हातमोजे चढवले. सुई गॅसवर तापवली आणि बिब्ब्यात खुपसली. टोकाला डिंकासारखा काळा थेंब आला. कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेमागे, त्याने तो टेकवला. कापडात डाग आधी तपकिरी दिसला, मग बघता बघता काळा झाला. वर चुन्याची निवळी.

हात आपोआप चालत होता. गावात पाटलाचे दोन ठिपके, गुरवाची एक रेघ, वाण्याची फुली. इथं पहिल्या बोटीला रेघ, दुसरीला फुली, तिसरीला चुलीच्या दगडांसारखे तीन ठिपके. शेजारी माणसाचा आकडा. प्रमिला दुरून बघत होती. तिच्या माहेरी इस्त्रीचं दुकान होतं, खुणा कागदी चिठ्ठीच्या. बिब्ब्याची सुई ती पहिल्यांदाच बघत होती.

"वास येतो का हो?"

"कळणार नाही."

सूट उकळत्या पाण्यातून गेले, केमिकलमधून गेले, ब्रशाखाली गेले. डाग तसाच. त्या आठवड्यात एकही कपडा चुकला नाही. दुसऱ्या आठवड्यात फहद व्हॅनमधून उतरला, कॉलर उलटी करून त्याने डागावर नख घासलं आणि हसला. "यल्ला विजयभाई. ये क्या जादू है?" त्याने आणखी दोन बोटी दिल्या. प्रमिलाने त्या संध्याकाळी शिरा केला. इराने तो फोन बघत खाल्ला आणि म्हणाली, "सो वी आर स्टेइंग?" प्रमिला म्हणाली, "खा आधी."

शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी, जुम्म्याची नमाज आटोपल्यावर फहदचा फोन आला. विजयकुमार मशीनचा पट्टा बसवत होता. फोन त्याने खांद्यावर मान दाबून धरला.

"विजयभाई, कपड़े में डेटॉल-वेटॉल थोड़ा ज्यादा डालो. तीन नंबर बोट पे एक बंगाली है, इंजन रूम का ऑयलर, रफीकुल. उसको कुछ बीमारी हुआ है. गला पूरा फूल गया, पानी निकल रहा है. और दो को भी शुरू है. कप्तान बोलता है फैलने वाला है. उसको अलग बैठा दिया. कल घर भेज रहा है."

"घर, मतलब?"

"मतलब बांग्लादेश. नौकरी खलास. फोटो भेजा है, देखो."

विजयकुमारने हात पुसून फोटो उघडला. माणसाची मान मागून घेतली होती. सूज कानापर्यंत चढलेली, कातडी लाल, ओली. मधे तीन ठिकाणी ती काळी पडून फुटली होती. त्याने फोन प्रमिलाकडे दिला. तिने बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"बिब्बा उतलाय," तो म्हणाला.

लहानपणी त्याने हे पाहिलं होतं. बिब्बे गोळा करणाऱ्या बायांच्या हातांवर, एकदा स्वतःच्या मांडीवर. म्हणून तर हातमोजे घातले होते. पण गावात खूण असायची धोतराच्या टोकाला, पदराच्या शेवटी, जिथं ती अंगाला घासत नाही. कॉलरला कुणी केली नव्हती. धोतराला कॉलरच नसते. आणि इंजिनच्या खोलीत दिवसभर घामात भिजलेली मान. हे सगळं त्याला आधी का सुचलं नाही, याचा विचार करत तो बादली उलटी करून तिच्यावर बसला.

"फहदना काय बोललात?"

"काहीच नाही. त्याला वाटतंय आजार आहे."

प्रमिलाने गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर वेल्डिंगचा आवाज चालू होता. "आठ दिवसांत बसतं ते. बिब्बा उतून कुणी मेलंय? खोबरं खाल्लं, तेल लावलं, जातं."

"त्याला घरी पाठवतायत."

"आपल्यालाही पाठवतील." तिने हे हळू म्हटलं, तारेवरचे चिमटे गोळा करता करता. "आपण गुपचूप इथले डाग कापून टाकू. पुढं दुसरं काही बघू. ट्रायल संपायला किती दिवस राहिलेत? जरा थांबलं तर काय होतं?"

"तो उद्या जाणार."

"मी पाठवत नाहीये त्याला."

भांडायचं त्राण दोघांतही नव्हतं. घरी जेवताना इराने विचारलं काय झालं, तेव्हा त्याने फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. तिने फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"बाबा, इट्स नॉट ॲन इन्फेक्शन. इट कांट स्प्रेड. दे शुड नो दॅट."

"तू अभ्यास कर," प्रमिला म्हणाली.

"आय ॲम. धिस इज केमिस्ट्री."

"इथून गेलो तर कुठं देशील केमिस्ट्री? पाटणला?"

इराने ताट उचललं आणि आत गेली. दाराशी थांबून ती मराठीत म्हणाली, "मला माहीत आहे, आई." प्रमिलाने हातातली पोळी अर्धी तोडून ठेवली, ती तशीच राहिली.

सकाळी विजयकुमार बूट घालत होता तेव्हा प्रमिला बाहेर उभी होती. तिने गाडीच्या डिकीत हाताने फिरवायचं शिलाई मशीन ठेवलं होतं, दोन कात्र्या आणि निळ्या दोऱ्याची रिळं. दोघं गाडीत बसली.

फहदचं गोदाम बंदराच्या गेटाबाहेर होतं. पत्र्याचं छप्पर, खाली तांदळाच्या गोण्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या चळती. तीन नंबरची बोट सामान भरायला धक्क्याला लागली होती आणि तिची माणसं गोण्या उचलत होती. एका कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, एक बारीक माणूस आपल्या बॅगेवर बसला होता. मान ताठ, डोकं वळवायचं झालं तर तो अख्खं अंग वळवत होता. रफीकुल. विमानतळावर न्यायला गाडी येणार होती.

विजयकुमारने फहदला बाजूला घेऊन सांगितलं. फहदने दातकोरणी चावणं थांबवलं.

"तुम पागल है क्या? किसी को पता नहीं था."

"मुझे पता है."

"तो अपने पास रखो ना. मेरा भी नाम जाएगा."

तेवढ्यात कॅप्टन आला. केरळचा, पांढऱ्या मिशांचा, सामानाच्या पावत्या हातात. विजयकुमारने त्यालाही सांगितलं. हिंदी अपुरी पडली तिथं इंग्रजी घातली. कॅप्टनने मधेच हात वर केला. "डॉक्टर का पेपर है? नहीं? तो मैं कैसे मानूँ? एक से तीन को हुआ, तो फैलता ही है."

धुवायला द्यायच्या सूटांचा ढीग बाजूला पडला होता. विजयकुमारने त्यातून रफीकुलचा सूट काढला आणि कोपऱ्यात गेला. "भाई, ज़रा झुको," तो म्हणाला. रफीकुल घाबरून मागं सरकला, मग वाकला. विजयकुमारने कॉलर उलटी केली आणि कातडीला लागणार नाही इतक्या अंतरावर त्याच्या मानेमागं धरली. काळे तीन ठिपके, आणि त्यांच्या बरोबर खाली फुटलेल्या तीन जागा. कॅप्टनने चष्मा लावला. त्याने बाकीच्या दोघांना बोलावलं, त्यांच्या कॉलरी मागवल्या. तिथंही तसंच.

"क्या लगाया था?" त्याने विचारलं.

"एक बीज होता है. उसका तेल. हमारे गाँव में—" विजयकुमार थांबला. "मेरी गलती है. इसको कोई बीमारी नहीं."

कॅप्टनने चष्मा काढून खिशात ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने फहदला म्हटलं, "गाड़ी कैंसल करो. डॉक्टर के पास ले जाओ इसको. और इस आदमी का एक भी कपड़ा मेरे जहाज़ पे नहीं चाहिए." जाता जाता तो थांबला. "लेकिन शाम को हमको निकलना है. मेरे लोग क्या पहनेंगे?"

उत्तर प्रमिलाने दिलं. तिने मशीन गाडीतून काढून पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर मांडलंच होतं. "कॉलर काट देते हैं," ती म्हणाली. "धुलके शाम तक नहीं सूखेगा. काटके सी देती हूँ."

बोटीवरचे धुतलेले सूटही आणले गेले. विजयकुमार हातमोजे घालून कॉलरी कापायचा, कापलेले तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकायचा. प्रमिला कडा दुमडून टीप मारायची. पत्रा तापला होता. तिच्या हनुवटीवरून घाम ओघळून कापडावर पडत होता, तो ती मनगटाने पुसायची आणि पुन्हा चाक फिरवायची. तेलाने जाड झालेल्या कापडात सुया मोडत होत्या. माणसं नुसत्या बनियनमध्ये बसून बघत होती. कुणी हसत नव्हतं.

मधे तिचा फोन वाजला. शहनाझ मॅडम. प्रमिलाने स्पीकरवर टाकला, कारण हात मोकळा नव्हता. "कहाँ हैं आप लोग? पैनल आ गया है. आपकी कहानी सबसे अच्छी है, मैंने उनको बताया भी है."

"आज नहीं होगा, मॅडम," प्रमिला म्हणाली.

"आप समझ नहीं रहीं, बैंक वाले भी आए हैं."

"समझती हूँ," प्रमिला म्हणाली आणि कोपराने फोन बंद केला.

फहद डॉक्टरकडून रफीकुलला घेऊन परत आला तेव्हा दुपार कलली होती. मानेला पांढरी पट्टी, हातात मलमाची पिशवी. फहद विजयकुमारशेजारी उकिडवा बसला. "ऑफिस में बात हुआ," तो म्हणाला. "ट्रायल बंद. दूसरी बोट का कपड़ा भी ऐसे ही काट के देना पड़ेगा. फिर हिसाब खलास." मग थोड्या वेळाने, "मैंने बोला था, अपने पास रखो."

"हाँ," विजयकुमार म्हणाला. प्रमिलाचं चाक क्षणभर थांबलं आणि पुन्हा फिरायला लागलं.

शेवटी शिवलेल्या सूटांचा एकच ढीग झाला. कॉलरी गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर आकडेही. कुणाचा कुठला हे सांगायला विजयकुमारकडे काही उरलं नव्हतं. तो तसं सांगायला उठणार, एवढ्यात माणसंच पुढं आली. एकाने गुडघ्यावरचं ठिगळ बघून उचलला. एकाने खिशात बोट घालून भोक चाचपलं आणि मान हलवली. जाड्या खलाशाने नुसता अंगाला लावून बघितला. कुणी भांडलं नाही, कुणाला शोधावं लागलं नाही. बघता बघता ढीग संपला.

एक सूट राहिला. रफीकुल त्याच्याजवळ आला, पण त्याने तो हातात घेतला नाही. खाली वाकून मानेच्या जागी बघितलं, वास घेतला. मग प्रमिलाकडे बघून बोटाने एक रेघ दाखवली, शिवलेल्या काठाच्या चांगली चार बोटं खाली.

"और काटो," तो म्हणाला.

प्रमिलाने टीप उसवली, कात्री घेतली आणि त्याने दाखवलं तिथून कापलं. त्याने पुन्हा बघितलं.

"थोड़ा और."

तिने आणखी कापलं.